टाके घालण्याआधी बोटं हलवून बघा : हाताच्या दुखापती आणि दुखण्यांवरचे उपचार

हाताला कापलं की घरातलं कुणीतरी जवळच्या दवाखान्यात घेऊन जातं. डॉक्टर जखम धुतात, तीन-चार टाके घालतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात आणि आठवड्याने टाके काढायला बोलावतात. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही. पण मुंबईत हाताच्या थेरपीचं काम करताना माझ्यासमोर असेही कितीतरी लोक येतात, ज्यांची जखम छान भरलेली असते आणि बोट मात्र वाकत नाही. कुणाचा हात विळीवर कापलेला, कुणाचा फुटक्या ग्लासाने, कुणाचा संक्रांतीच्या मांजाने. आतलं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी आणि बोट हलवणारी दोरी, तुटलंय हे दीड-दोन महिन्यांनी लक्षात येतं आणि तोवर सोप्या ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असते. या लोकांनी काही हयगय केलेली नसते. कुठे बघायचं आणि काय विचारायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते इथे सांगते.

पहिली १५ मिनिटं

सगळ्यात आधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा. रक्त वाहत असताना हे सुचत नाही, पण तासाभरात बोट सुजतं आणि मग अंगठी कटरने कापावी लागते. न कापल्यास तीच बोटाचा रक्तपुरवठा अडवते.

मग हात नळाखाली धरून धुवा, स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरा. हात छातीच्या वर उचला. घड्याळ लावून १० मिनिटं दाब सोडायचा नाही. थांबलं का म्हणून दर मिनिटाला कापड उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. बोटाच्या बुडाशी दोरा किंवा रबरबँड आवळू नका.

हळद, कॉफी पावडर, चुना, टूथपेस्ट यांतलं काही जखमेत भरू नका. ते काढताना माणसाला जास्त त्रास होतो आणि सर्जनला आतलं नीट दिसत नाही. भाजलं असेल तर थेट नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, लोणी-तूप नको. कुत्रं चावलं असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. ती महापालिकेच्या रुग्णालयांत मोफत मिळते. चाव्याने कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेच्या आत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते आवर्जून विचारा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास होते. जखमी माणसाला धीर यावा म्हणून चहा किंवा साखरपाणी पाजतात. जखम मोठी असेल, ऑपरेशनची शक्यता असेल तर तोंडाने काही देऊ नका. पोट भरलेलं असलं की भूल देणं पुढे ढकलावं लागतं.

बोट तुटून वेगळं झालं तर

तुटलेला भाग टाकून देऊ नका, कितीही चिरडलेला दिसला तरी. तो जोडता आला नाही तरी त्यातली त्वचा किंवा नख कामी येऊ शकतं. आधी माणसाचं रक्त थांबवा, मग तो भाग स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, घासू नका. ओलसर, पिळून घेतलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. बर्फ बोटाला थेट लागता कामा नये. लागला तर पेशी गोठून मरतात. स्पिरिट, डेटॉल, फॉर्मलिन यांत तर मुळीच ठेवू नका.

असं नीट थंड ठेवलेलं बोट २४ तासांपर्यंतही जोडता येण्यासारखं राहू शकतं, उघडं ठेवलं तर साधारण १२ तास. हात मनगटाच्या वर तुटला असेल तर तिथे स्नायू असतात आणि स्नायू फार थोडा वेळ तग धरतात. उघड्यावर ६ तासांच्या पुढे आशा कमी होत जाते.

प्रत्येक तुटलेलं बोट जोडावंच असं नसतं, हेही सांगायला हवं. अंगठा, एकापेक्षा जास्त बोटं, तळहातातून तुटलेला हात आणि लहान मुलांचं कोणतंही बोट, इथे सर्जन शक्यतो जोडायचा प्रयत्न करतात. मोठ्या माणसाचं एकच बोट बुडाजवळ तुटलं असेल तर जोडलेलं बोट अनेकदा ताठ राहून कामात आडवं येतं. सर्जन ‘नको’ म्हणाले तर कारण विचारा, पण ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका. जोडायचं ठरलं तर कित्येक तासांचं ऑपरेशन असतं आणि नंतर तंबाखू पूर्ण बंद. विडी-सिगारेट तर नाहीच, पण मिश्री-गुटखाही नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जोडलेलं बोट काळं पडू शकतं.

जखम शिवण्याआधीची तपासणी

हा भाग सावकाश वाचा. बोटात हाडाशिवाय तीन महत्त्वाच्या गोष्टी असतात : बोट हलवणारी टेंडन्स, दोन्ही कडांनी जाणाऱ्या संवेदनेच्या नर्व्ह आणि त्यांच्या शेजारून जाणाऱ्या रक्तवाहिन्या. तळहाताच्या बाजूला त्या कातडीच्या इतक्या जवळ असतात की सेंटिमीटरभर चिरेतही तिन्ही कापल्या जाऊ शकतात. शिवाय वाकवणारं टेंडन तुटलं की तुटलेलं टोक जागेवर थांबत नाही. नाडी नेफ्यात आत सरकावी तसं ते तळहाताकडे ओढलं जातं. त्यामुळे जखमेत डोकावून ‘आत काही तुटलेलं दिसत नाही’ म्हणण्याला फारसा अर्थ नसतो. बोट हलवूनच बघावं लागतं.

आधी हात मांडीवर उताणा, सैल सोडा. निरोगी हातात बोटं आपोआप थोडी वाकलेली असतात, अंगठ्याजवळचं सगळ्यात कमी आणि करंगळी सगळ्यात जास्त. ही चढण नजरेत भरते. एखादंच बोट सरळ पडलेलं दिसलं तर वाकवणारं टेंडन गेल्याची दाट शंका घ्या.

मग बोटाचं मधलं पेर दुसऱ्या हाताने सरळ धरा आणि फक्त टोकाचं पेर वाकवायला सांगा. वाकलं नाही तर खोलवरचं टेंडन तुटलेलं असू शकतं. यानंतर बाकीची बोटं सरळ दाबून धरा आणि जखमी बोट मधल्या सांध्यात वाकवायला सांगा. ही वरच्या टेंडनची परीक्षा. अंगठा सोडून प्रत्येक बोटाला अशी दोन टेंडन्स असतात. एक शाबूत असेल तर मूठ बऱ्यापैकी वळते आणि तिथेच फसगत होते. ‘मूठ वळते ना, मग ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. बोट हलतंय पण जोर लावताना कळ येते, तर टेंडन अर्धवट कापलेलं असू शकतं.

संवेदना बघायला कापसाचा बोळा किंवा पेनचं टोक बोटाच्या एका कडेला लावा, मग दुसऱ्या कडेला, आणि दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाशी ताडून विचारा : सारखंच लागतंय का? एकच बाजू बधिर असेल तर त्या बाजूची नर्व्ह कापलेली असू शकते. हे बधिर करायचं इंजेक्शन देण्याआधी बघायचं. नंतर बघून काही उपयोग नाही. लहान मूल नीट सांगू शकत नाही. हाताला जखम असलेल्या मुलाच्या बाबतीत डॉक्टर एक युक्ती वापरतात : बोटाचं टोक थोडा वेळ पाण्यात ठेवलं की कातडी सुरकुतते, पण नर्व्ह तुटली असेल तर सुरकुतत नाही. शेवटी बोटाचं टोक दाबून सोडा. पांढरं झालेलं टोक दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं.

दवाखान्यात टाके घालायला घेतले की नम्रपणे विचारा, ‘डॉक्टर, टेंडन आणि नर्व्ह तपासून घेता का?’ चांगले डॉक्टर याचा राग मानत नाहीत. शंका असेल तर वरची कातडी शिवून, स्लॅब (एका बाजूने आधार देणारं अर्धं प्लास्टर) बांधून हाताच्या सर्जनकडे पाठवणं हाही योग्य उपचार आहे. टेंडन आणि नर्व्हची जोडणी त्याच रात्री व्हायलाच हवी असं नसतं. ती पहिल्या काही दिवसांत झाली तर उत्तम, दोन आठवड्यांपुढे मात्र जाऊ देऊ नका. काच घुसली असेल तर एक्स-रे काढा, बहुतेक काच त्यात दिसते. लाकडाची कुसळ दिसत नाही, तिला सोनोग्राफी लागते.

दिसायला बारीक, पण रात्रही थांबायची नाही अशी दुखणी

ग्रीसगन किंवा रंगाच्या स्प्रेगनचा फवारा बोटात घुसला तर बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं आणि पहिल्या तासाला दुखतही नाही. आत मात्र ग्रीस किंवा रंग टेंडनच्या नळीतून तळहातापर्यंत पसरलेला असतो. हे तातडीचं ऑपरेशन आहे. गॅरेजमध्ये आणि रंगकामावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं.

भांडणात कुणाच्या दातावर मूठ बसून मुठीच्या हाडावर बारीक जखम झाली, तर तोंडातले जंतू थेट सांध्यात शिरलेले असतात. लाजेपोटी लोक दारावर आपटलं असं सांगतात. डॉक्टरांना खरं सांगा, कारण त्यावर अँटिबायोटिक ठरतं आणि जखम उघडून धुवायची की नाही हेही.

बोटात पू होणं हा स्वतंत्र प्रकार. नखाच्या कडेचं नखुरडं सुरुवातीला कोमट पाण्यात बुडवून आणि औषधाने बसतं, पू साठला तर छोटा छेद द्यावा लागतो. पण अख्खं बोट सारखं सुजलेलं, अर्धवट वाकलेलं, पुढून दाबलं तर लांबवर दुखणारं आणि जरा सरळ केलं की असह्य कळ, ही चार चिन्हं एकत्र दिसली तर टेंडनच्या नळीत पू झालाय. एका-दोन दिवसांत टेंडन सडू शकतं. मधुमेह असलेल्यांनी तर सकाळचीही वाट पाहू नये.

मासळी साफ करताना काटा रुतणं कोळीवाड्यांत आणि बाजारात रोजचं आहे. बहुतेक काटे दोन दिवसांत विसरले जातात. पण आठवडे उलटून गेले तरी गाठ किंवा सूज बसत नसेल, नेहमीच्या अँटिबायोटिकने फरक पडत नसेल तर डॉक्टरांना ‘मासळीचा काटा लागला होता’ हे मुद्दाम सांगा. पाण्यातल्या मासळीसोबत येणारा, क्षयाच्या जंतूच्या कुळातला एक जंतू असतो. त्याची वेगळी तपासणी आणि महिनोन् महिने चालणारी वेगळी औषधं लागतात.

आणि हात यंत्रात किंवा रोलरमध्ये दाबला गेला असेल, किंवा प्लास्टर घातल्यावर दुखणं कमी होण्याऐवजी वाढतच असेल, बोटं कुणी सरळ केली की किंचाळायला होत असेल, तर आत दाब वाढून स्नायू गुदमरताहेत. गोळी घेऊन झोपू नका. त्याच रात्री जाऊन प्लास्टर कापून घ्या. गरज पडली तर दाब मोकळा करायचं ऑपरेशन काही तासांतच व्हावं लागतं.

मुंबईत कुठे जायचं

हाताचे सर्जन दोन वाटांनी आलेले असतात, ऑर्थोपेडिक आणि प्लास्टिक सर्जरी. हाड मोडलं की सहसा ऑर्थोपेडिक, आणि त्वचा, नर्व्ह, रक्तवाहिन्या कापल्या की प्लास्टिक सर्जरी, अशी विभागणी मोठ्या रुग्णालयांत दिसते. परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, विलेपार्ल्याचं कूपर ही महापालिकेची आणि भायखळ्याचं जे. जे. हे सरकारी, या सगळ्यांची कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी असते. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. बोट तुटलेलं असेल आणि खासगी रुग्णालयात जायचं असेल तर निघण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा : मायक्रोसर्जरी (सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचं ऑपरेशन) करणारे सर्जन आत्ता, या वेळी मिळतील का? वसई-विरारहून किंवा कल्याणहून दीड तास घालवून आल्यावर ‘डॉक्टर सकाळी येतील’ हे ऐकायची वेळ कुणावर येऊ नये.

साकीनाक्याच्या गाळ्यात किंवा वसईच्या कारखान्यात पॉवर प्रेसखाली हात आला असेल तर केसपेपरवर ‘कामावर, यंत्रात दुखापत’ असं वेळेसकट लिहून घ्या आणि मेडिको-लीगल नोंद (पोलीस आणि कोर्टासाठी रुग्णालयाने ठेवायची नोंद) करायला सांगा. ‘घरी पडलो म्हणून सांग’ असा दबाव काही मालक आणतात. त्याला बळी पडलात तर भरपाईचा हक्क पुढे सिद्ध करणं कठीण जातं. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर उपचार आणि रजेचा मोबदला मिळतो, कायमचं अपंगत्व आल्यास निवृत्तिवेतनासारखा लाभही मिळतो. ईएसआय नसेल तर कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याचा आधार आहे. पोलीस आल्याशिवाय हात लावणार नाही, असं कोणत्याही डॉक्टरला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच ते स्पष्ट केलं आहे.

पैशांची अडचण असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेच्या मदतनिसाला) गाठा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं असतं, बिलिंगच्या खिडकीवर नाही.

हाड मोडलं असेल तर

मनगट मोडणं सगळ्यात जास्त दिसतं. मोरीत पाय घसरून हातावर पडलेल्या आजी, दहीहंडीच्या थरावरून पडलेला गोविंदा. हाड फारसं सरकलं नसेल तर आधी कच्चं प्लास्टर आणि सूज उतरली की पक्कं, असं साधारण ४ ते ६ आठवडे. सरकलं असेल तर भूल देऊन जागेवर बसवतात. ते तिथे टिकणार नसेल तर बारीक तारा किंवा प्लेट. बोटांचे चुरा झालेले फ्रॅक्चर बाहेरून तारा-सळ्यांच्या चौकटीने धरायची ‘जेस’ ही पद्धत मुंबईच्याच डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केली आणि ती देशभर वापरली जाते. पन्नाशीपुढच्या बाईचं मनगट साध्या पडण्याने मोडलं असेल तर प्लास्टर निघाल्यावर हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या. पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं असू शकतं.

अंगठा ताणून वर केला की मनगटाच्या कडेला एक खळगा पडतो. पडल्यानंतर तिथे दाबून दुखत असेल तर एक्स-रे ‘नॉर्मल’ आला तरी मुरगळलंय म्हणून सोडून देऊ नका. तिथल्या स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाची चीर सुरुवातीच्या एक्स-रेत कित्येकदा दिसतच नाही. स्प्लिंट (हात हलू न देणारी आधारपट्टी) लावून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा लगेच एमआरआय करतात. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असतो. दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही आणि काही वर्षांत मनगट झिजतं.

बोटाचं हाड मोडलं असेल तर मूठ वळल्यावर बोटं एकमेकांवर चढतात का ते बघा. चढत असतील तर हाड पिळलं गेलंय. हा पीळ आपोआप सुटत नाही, दुरुस्त करून घ्यावा लागतो.

क्रिकेटचा चेंडू बोटाच्या टोकावर बसून टोकाचं पेर खाली लोंबायला लागणं हे मैदानांवर नेहमीचं. याला बहुधा ऑपरेशन लागत नाही. टोकाचा सांधा सरळ ठेवणारी छोटी स्प्लिंट ६ ते ८ आठवडे रात्रंदिवस घालायची. अडचण येते ती स्प्लिंट धुताना. बोट टेबलावर सपाट ठेवा, स्प्लिंट सरकवत काढा, पुसा, आणि बोटाचं टोक टेबलाला टेकलेलं असतानाच परत चढवा. एकदा जरी टोक खाली पडलं तरी आठवडे पहिल्यापासून मोजायचे.

ताज्या फ्रॅक्चरवर मालीश करून घेऊ नका, मालीश करणारा कितीही नावाजलेला असो. आणि प्लास्टरमध्ये नसलेली प्रत्येक गोष्ट हलवत राहा : बोटं, कोपर, खांदा. बोटांची मूठ पूर्ण वळत नसेल इतकं प्लास्टर तळहातावर पुढे आलं असेल तर ते कापून घ्यायला सांगा. हात झोळीत लोंबता ठेवला तर सूज बोटांत उतरते. पंजा कोपराच्या वर राहील अशी झोळी बांधा आणि रात्री उशीवर ठेवा.

जोडणीनंतरचे १२ आठवडे

माझं सगळं काम या काळातलं आहे आणि मला याची फार तळमळ वाटते. टेंडनची उत्तम जोडणी झाली आणि रुग्ण थेरपीला आलाच नाही तर टेंडन आजूबाजूला चिकटतं. जास्त उत्साहाने वापरलं तर तुटतं. यातली वाट रोज थोडी थोडी काढावी लागते. डिस्चार्ज घेण्याआधीच थेरपीची तारीख घ्या. ‘टाके निघाल्यावर बघू’ म्हणजे उशीर.

ऑपरेशननंतर ३ ते ५ दिवसांत थेरपिस्ट जाड ड्रेसिंग कमी करतात. प्लास्टिकचा खास पत्रा गरम पाण्यात मऊ करून हाताच्या मागच्या बाजूने बसवतात. त्यात बोटांची मुळं वाकलेली राहतात आणि बोट पूर्ण सरळ होऊन टाक्यावर ताण येत नाही. या स्प्लिंटच्या आतच ठरवून दिलेले व्यायाम दिवसभरात पुन्हा पुन्हा करायचे. अंघोळीलाही ती काढायची नाही, वर पिशवी बांधायची. साधारण ६ आठवड्यांनी स्प्लिंट उतरते आणि हलकी कामं सुरू होतात : शर्टाची बटणं, चमचा, कणकेचा मऊ गोळा दाबणं. पाण्याची बादली, गॅस सिलिंडर, लोकलचा दांडा हे १२ आठवड्यांपर्यंत त्या हाताने नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखणं थांबतं, हात बरा वाटतो आणि नेमकं तेव्हाच लोक गाडीत चढताना सवयीने दांडा पकडतात. गर्दीच्या वेळी प्रवास करावाच लागू नये म्हणून ओपीडीत दुपारची वेळ मागून घ्या. कारण सांगितलं तर बहुतेक ठिकाणी देतात.

नर्व्ह जोडली असेल तर धीर हवा. ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मनगटाजवळ कापली असेल तर बोटाच्या टोकाला जाणीव यायला सहा महिने आणि कधी त्याहून जास्तही लागतात. टिचकी मारल्यावर मुंग्या येण्याची जागा महिन्याला इंचभर पुढे सरकत असेल तर काम चालू आहे. तोवर बधिर बोट तव्यापासून, वाफेपासून जपा. पकडण्याआधी डोळ्यांनी बघायची सवय लावा. जाणीव परतताना कातडी विचित्र झोंबते. आधी कापूस, मग टॉवेल, मग परातीतल्या तांदळात बोटं फिरवणं, असं रोज पाच-दहा मिनिटं केलं की ती निवळते. व्रण पूर्ण भरल्यावर खोबरेल तेलाने दाबून गोल मालीश करा, म्हणजे कातडी खाली चिकटत नाही.

या थेरपीची मुंबईला जुनी परंपरा आहे. कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली, ती आशियातली पहिली. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत आजही हे उपचार अगदी कमी खर्चात होतात.

न लागता दुखणारा हात

रात्री अंगठा, शेजारची दोन बोटं आणि अर्धी अनामिका बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं : हे बहुधा मनगटातल्या नर्व्हवरचा दाब, म्हणजे कार्पल टनेल. लोक आधी मानेचा एमआरआय करतात. त्याऐवजी साखर आणि थायरॉइड तपासा, गरोदरपण असेल तर तेही कारण असतं. मनगट सरळ ठेवणारी स्प्लिंट रोज रात्री सहा आठवडे वापरा. फरक पडला नाही तर नर्व्हची एनसीव्ही चाचणी (नर्व्हमधून संदेश किती वेगाने जातो ते बघणारी) आणि एखादं स्टिरॉइडचं इंजेक्शन. अंगठ्याच्या मुळाचा फुगवटा बसत चालला असेल, वस्तू हातातून निसटत असतील तर मात्र ऑपरेशन लांबवू नका. ते फक्त हात बधिर करून होतं आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. उशीर केला तर गेलेला स्नायू परत येईलच असं नाही.

बोट वाकवल्यावर अडकतं आणि टक् आवाज करत सुटतं ते ट्रिगर फिंगर. मधुमेहात जास्त दिसतं. अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखणं बाळंतिणींना फार छळतं, कारण बाळाला काखेत हात घालून उचलताना तिथली टेंडन्स घासतात. बाळाच्या बुडाखाली तळहात घालून उचललं आणि अंगठ्याला आधार देणारी स्प्लिंट वापरली की अनेकींचं भागतं. दोन्हींत पुढची पायरी स्टिरॉइडचं इंजेक्शन. या नावाला लोक घाबरतात. पण एका जागी दिलेलं इंजेक्शन आणि महिनोन् महिने घेतलेल्या गोळ्या यांत मोठा फरक आहे. तरी दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात : काही दिवस साखर वाढते, आणि इंजेक्शनच्या जागी सावळ्या त्वचेवर पांढुरका डाग पडू शकतो. एकाच जागी दोन-तीनदा देऊनही दुखणं परत आलं तर छोटं ऑपरेशन करून घेणं शहाणपणाचं.

मनगटावरची गँगलियनची गाठ निरुपद्रवी असते आणि बऱ्याच जणांत आपली आपण जिरते. दुखत नसेल तर सोडून द्या. जाड पुस्तक आपटून फोडू नका. सुईने पाणी काढलं तर पुन्हा भरायची शक्यता बरीच असते.

सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं अर्ध्या तासाहून जास्त ताठ राहतात, मुठीची हाडं सुजतात, तर हाताच्या सर्जनकडे नाही, आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. संधिवाताची औषधं पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर बोटं वाकडी होणं टळू शकतं. त्यातली मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ठरलेला वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.

करंगळी आणि अनामिका हळूहळू वाकत चालल्या, कातडीवर बधिर चट्टा आहे, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. वाकडी झालेली बोटं सरळ करायची ऑपरेशन्सही होतात, जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनी याच कामात आयुष्य घातलं.

जुनी दुखापत असेल तर

वर्षापूर्वी टेंडन तुटलंय आणि तेव्हा कळलंच नाही, अशांनीही हात सोडून देऊ नये. चिकटलेलं टेंडन मोकळं करता येतं, मात्र त्याआधी तीन ते सहा महिने थेरपी करून सांधे मऊ झालेले हवेत. पूर्ण गेलेल्या टेंडनच्या जागी मनगटातलं दुसरं, फारशा उपयोगाचं नसलेलं टेंडन घालतात; कधी हे दोन टप्प्यांत करावं लागतं. नर्व्ह गेल्याने मनगट उचलत नसेल तर चालू असलेल्या स्नायूचं टेंडन वळवून ते काम त्याला देतात. अंगठाच नसेल तर पायाचं बोट काढून तिथे बसवता येतं. हाजी अलीच्या भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत कृत्रिम हात बनवून मिळतात आणि ते वापरायचं शिक्षणही. परळच्या ग्लोबल हॉस्पिटलात २०२० साली दोन्ही हातांचं प्रत्यारोपणही झालं आहे, पण त्यानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात.

यांतलं तुमच्यासाठी काय, ते कागद बघूनच ठरतं. म्हणून ओपीडीला जाताना पहिल्या दिवसाचा केसपेपर, सगळे जुने एक्स-रे आणि ऑपरेशनची नोंद असलेलं डिस्चार्ज कार्ड तारखेनुसार लावून न्या. कोणत्या दोन-तीन गोष्टी हाताने करता येत नाहीत त्या कागदावर लिहून न्या : चावी फिरवणं, वेणी घालणं, पेन धरणं, शिलाई मशीनवर कापड सरकवणं. सर्जन आणि थेरपिस्ट त्यावरूनच उपचार ठरवतात.